चाकांवरच्या खोलीतला संडास

गाडीमागे जोडायची खोली आम्ही भोसरीच्या एका शेडमध्ये बांधून घेतली. आमच्या भागात ट्रेलर म्हटलं की चाकणच्या रस्त्यावर कंटेनर ओढणारा लांबलचक ट्रक डोळ्यांसमोर येतो, म्हणून घरात तिला सगळे 'मागची खोली' म्हणायचे. आत दोन दुहेरी पलंग, ओटा, छोटं सिंक, छतावर सोलर आणि कोपऱ्यात दार लावलेला संडास. त्या संडासासाठी मी खूप भांडले होते. नवऱ्याला म्हणाले होते, बाकी काहीही कमी करा. पंखा एकच बसवा, कपाटाला दारं नकोत, पडदे मी जुन्या साड्यांचे शिवते. पण कमोड हवा. कारण आईला मावशीकडे न्यायचं होतं.

आई माझ्याकडे राहते. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही आणि दर तासाला जावं लागतं. तिची थोरली बहीण श्रीवर्धनच्या अलीकडे एका गावात असते. ती तर अंथरुणालाच आहे. दोघी रोज सकाळी फोनवर बोलतात, पण भेट कित्येक वर्षांत नाही, कारण मावशीच्या घरचा संडास परसात, पायऱ्या उतरून, खाली बसायचा. वाटेतल्या संडासांबद्दल न लिहिलेलंच बरं. प्रवासाचं नाव काढलं की आई आदल्या दिवसापासून पाणी पिणं सोडते. तळेगावला एका लग्नाला नेलं तेव्हा असंच केलं आणि मांडवात चक्कर येऊन पडली. डॉक्टर रागावले ते माझ्यावर. त्यावर ती एवढंच म्हणाली, "तुझ्याकडे राहते तेवढं पुरे, जावयाला अजून कशाला त्रास?" लेकीच्या घरी राहणाऱ्या आईचं हे रोजचं वाक्य. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

खोली तयार झाल्यावर सराव म्हणून आम्ही दोघं जवळपास फिरून आलो. पवनेकाठी, भंडारदऱ्याला, एकदा जुन्नरकडे. पैसे खरंच वाचले. शनिवार-रविवार टाळायचे. रिसॉर्टच्या आवारात न जाता एखाद्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या बागेत गाडी लावायची आणि जागेच्या बदल्यात त्याच्याकडूनच भाजी, अंडी, दूध घ्यायचं. गाडी साठच्या वर न्यायची नाही, डिझेल कमी लागतं. निघताना दशम्या, दाण्याची चटणी, मेतकूट, भाजून ठेवलेला रवा. कुकर एकच, पण त्यात खाली डाळ, वर भात, त्यावर बटाटे. पाण्याचे कॅन गावातल्या नळावर भरायचे. हे सगळं मीच ठरवलं होतं आणि ते नीट चालायचं.

फक्त एक गोष्ट मला तिसऱ्या फेरीत कळली. नवरा शेकोटीशी बसून भावाला फोनवर सांगत होता, "अरे, राहण्या-खाण्याचा खर्च शून्य!" मी तेव्हा कढई घासत होते. हॉटेलात स्वयंपाकी असतो, भांडी घासणारा असतो, चादरी बदलणारा असतो, फरशी पुसणारा असतो. त्या सगळ्यांचा पगार वाचला होता, कारण ती सगळी माणसं मी होते. तरी मी कढई घासत राहिले. मला मावशीचं गाव दिसत होतं.

नवरा चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथे कायझन चालतं. कमी जागेत, कमी खर्चात तेच काम कसं होईल ते शोधायचं, 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो फलकावर लावायचे, महिन्याच्या शेवटी साहेब टाळ्या वाजवून बक्षीस देतात. मीही याच पट्ट्यात दुसऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते, मला ही पद्धत चांगली ठाऊक आहे आणि मशीनसाठी ती उत्तमच आहे. पण आमच्याकडची माणसं ती घरी आणतात. आमच्या सोसायटीत एकाने कायझन करून देवघर चपलांच्या कपाटावर बसवलंय.

श्रीवर्धनला शनिवारी पहाटे निघायचं होतं. शुक्रवारी दुपारी मी कंपनीत माल मोजत होते तेव्हा घरच्या ग्रुपवर दोन फोटो आले. पहिल्यावर लिहिलं होतं 'आधी', त्यात आमचा संडास. दुसऱ्यावर 'नंतर', त्यात संडासाच्या जागी एकावर एक दोन फळ्यांचे पलंग. खाली नवऱ्याचा मजकूर: "जागेचा पूर्ण वापर. आता चौघांऐवजी सहा जण. खर्च निम्मा." त्याखाली दिराचे तीन अंगठे आणि "जबरदस्त दादा!!" कुणीतरी टाळ्याही पाठवल्या होत्या.

मी मोजणी थांबवली. त्यांना फोन केला नाही. कंपनीच्या बसमध्ये चाकणपासून मोशीपर्यंत मी एकच वाक्य मनात घोळवत होते, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पार्किंगमध्ये उतरले तर सगळे तिथेच. नवरा खोलीला फडकं मारत होता. सांगवीहून दीर आणि जाऊ बॅगा घेऊन आले होते, सामान आजच चढवायला. आई बाकावर काठी धरून बसली होती.

"ये ये," नवरा म्हणाला. "पाहिलंस का? त्याच मापात बसवलं."

"संडास कुठंय?"

"अगं, हिशोब बघ. दिवसातून वापर किती? अर्धा तास. बाकी साडेतेवीस तास ती जागा पडून. वाटेत पंप आहेत, ढाबे आहेत."

"पंपावरच्या बायकांच्या संडासात तुम्ही कधी गेलायत?"

दीर हसला. "वहिनी, दादा कसा जाईल बायकांच्यात? मार खाईल ना!"

"मग ज्यात गेले नाहीत त्याचा हिशोब कशाला करतात?"

"आवाज कमी कर," नवरा म्हणाला. वर दोन गॅलऱ्यांत माणसं आली होती. "आईंसाठी ती कमोडची खुर्ची घेऊ. स्वस्तात मिळते."

"आणि ठेवू कुठे? सगळे जण झोपल्यावर? भावजींच्या मांडीवर?"

दिराचं हसू गेलं. "म्हणजे आम्ही यायचं नाही का? तसं सरळ सांगा."

तेव्हा आई बोलली. जावई समोर असताना ती नेहमी बोलते तशी, माझ्याकडे बघून. "अगं, कशाला तमाशा? मी कालपासूनच पाणी कमी केलंय. आज सकाळी औषधापुरतं घेतलं. त्यांनी एवढं हौसेनं केलंय. जाईन मी तशीच."

मी तिच्या ओठांकडे पाहिलं. सुकून पांढरे झाले होते. याचा अर्थ संडास गेलाय हे तिला माझ्याआधी कळलं होतं. काल मी कंपनीत असताना खोली शेडमधून परत आली तेव्हा तिने गॅलरीतून, उघड्या दारातून आतले नवे पलंग पाहिले होते, आणि मला न सांगता पाणी सोडलं होतं.

जाऊ माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आमचं फारसं जमत नाही. ती हळूच म्हणाली, "ताई, मीपण आज दुपारपासून नाही प्यायले. आम्ही बाहेर निघालो की असंच असतं. आताशा त्याचं काही वाटतही नाही."

काही वाटतही नाही! एका पार्किंगमध्ये दोन बायका तहानलेल्या उभ्या, आणि बाजूला दोन पुरुष खर्च निम्मा झाल्याचं सांगतायत. मला त्या क्षणी ती खोली ढकलून इंद्रायणीत घालावीशी वाटली. मी पिशवीतून बाटली काढली आणि आईच्या हातात दिली.

"पी. सगळी."

"अगं, उद्या..."

"उद्या आपण जात नाही. पी."

तिने जावयाकडे पाहिलं. ते खोलीकडे बघत होते. मग ती प्यायली, थांबून थांबून, पण सगळी प्यायली. मी दिराला म्हणाले, "भावजी, तुम्ही जरूर या. आपली गाडी घेऊन या, तिथे खोली घ्या, मावशीकडे जेवायला या. या खोलीत जागा नाही."

तो बॅगा उचलून गेला. अजून माझ्याशी बोलत नाही. जाऊ बोलते, आधीपेक्षा जास्त.

सोमवारी मी रजा काढली आणि खोली भोसरीला नेली. नवऱ्याला बरोबर घेतलं, शेडवाला काय म्हणतो ते त्यांनीही ऐकावं म्हणून. शेडचा मालक म्हणाला, "मॅडम, मी साहेबांना विचारलं होतं, घरी विचारलंय का? ते म्हणाले, सरप्राइज आहे." आमचा कमोड त्याने फळ्यांच्या मजुरीच्या बदल्यात ठेवून घेतला होता आणि तो विकूनही टाकला होता. नवा घ्यावा लागला, आधीपेक्षा महाग. नवऱ्याने पैसे दिले.

पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघं निघालो. मुळशीच्या पुढे आईने पहिल्यांदा थांबायला सांगितलं. मी तिला आत नेलं, दार लावलं, बाहेर उभी राहिले. बाहेर आल्यावर तिने पाणी मागितलं. ताम्हिणी उतरेपर्यंत आम्ही आणखी दोनदा थांबलो. प्रत्येक वेळी नवरा घड्याळ बघायचा आणि मी त्यांच्याकडे.

मावशीच्या अंगणात सुपारीच्या झाडांखाली खोली उभी केली. आईला धरून आत नेलं. मावशी पलंगावर होती. तिने आईचा हात ओढून घेतला आणि म्हणाली, "किती गं वाळलीस."

"तू मोठी पैलवान," आई म्हणाली, आणि तिच्या उशाशी बसली. त्यानंतर तीन दिवस दोघींचा आवाज थांबला नाही. लहानपणीच्या कुठल्याशा परकरावरून भांडणही झालं.

परतायच्या दिवशी मी आईची पिशवी भरत होते. तिने ती माझ्या हातातून घेतली आणि अंगणात गेली. नवरा खोली गाडीला जोडत होता. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने त्यांच्याकडे थेट काही मागितलेलं नव्हतं, पाण्याचा पेलासुद्धा माझ्यामार्फत.

"जावईबापू," ती म्हणाली, "खोली इथेच ठेवा. मी ताईजवळ राहणार आहे. फोनवर बोलायला मला परत जायचं नाही."

ते गडबडले. जोडणीचा खिळा हातातच राहिला. "ठेवू की आई. पण... किती दिवस?"

"ते ताई सांगेल."

ते माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, डिसेंबरात आपल्याला कोकणात फिरायचंय. तेव्हा राहायचं कुठे?"

"हॉटेलात," मी म्हणाले. "आणि सकाळचा चहा मी खोलीवर मागवणार आहे."

मग टाकीचा प्रश्न आला. कमोडखालची टाकी रोज ओढून काढायची, परसातल्या खड्ड्यात रिकामी करायची, धुवायची. नवऱ्याने हे मावसभावाला समजावून सांगितलं. समजावून झाल्यावर दोघांनीही ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या मावशीच्या सुनेकडे पाहिलं. ती सूप खाली ठेवून उठायला लागली.

"तू बस गं," मी तिला म्हणाले. मग मावसभावाकडे वळले. "तिच्याकडे काय बघतोस? आई तुझीपण मावशी आहे. हातमोजे आणलेत, मापाचे आहेत का बघ."