तलावाकाठी पाट मांडून

आमच्या व्याह्यांनी तपासल्याशिवाय धारमधली जमीन स्वतःला जमीन म्हणवून घेत नसावी, असं मला वाटतं. सिंचाई विभागात उभी हयात गेली, मोजमापाची सगळी यंत्रं हाताळून झाली, तरी शेवटचा शब्द त्यांच्या जेवणाच्या पाटाचा. हा पाट काखेत मारून ते जागेवर जातात, तो मांडतात आणि त्यावर बसून डबा खातात. जेवून सुपारी कातरून होईपर्यंत पाटाचे पाय रुतले, तर ती जागा बांधकामाला नालायक. माझी मुलगी त्यांच्या घरात दिली, तेव्हा लग्नाच्या लॉनवरही त्यांनी पाट मांडला आणि सबंध मांडव ऐन वेळी दुसऱ्या टोकाला हलवायला लावला. मी कामं कागदावर उतरवून एकेक खोडत जाणारी बाई. त्या सकाळी माझी सगळी शिस्त पाण्यात गेली. मी चिडले, तर हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, मुहूर्त हुकला तर भटजी सांभाळतील. खांब कलला तर कोण सांभाळणार?" पाऊस काही आला नाही आणि खांब कलण्याचा प्रश्नच उरला नाही, पण लॉनचा मालक अजून माझ्याकडे बघून मान हलवतो.

तलावाकाठच्या पडीक पट्ट्याला कुणी "खाली जगह" म्हटलेलं त्यांना खपत नाही. "खाली? तिथे पाणी राहतं. सध्या बाहेरगावी गेलंय, एवढंच," असं ते एखाद्या शेजाऱ्याविषयी बोलावं तसं म्हणतात.

म्हणून गावाबाहेरच्या तलावाकाठी चर्च बांधायचा प्रस्ताव आला, तेव्हा नगरपालिकेने जागा तपासायला त्यांना सांगितलं, याचं मला नवल वाटलं नाही. वाईट वाटलं ते यासाठी, की प्रस्ताव पास्टरसाहेबांचा होता. पास्टर आणि व्याही वर्षानुवर्षं सकाळी एकत्र फिरायला जाणारे. पास्टरांची मंडळी एका भाड्याच्या गोदामात प्रार्थना करत, आणि मालकाला आता ते गोदाम रिकामं हवं होतं. त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्या बाईने तलावालगतची आपली जमीन चर्चला देऊन टाकली होती. नेमकी ओढ्याचं पाणी तलावात शिरतं तिथली, हिवाळ्यात जिथे बदकं उतरतात तिथली.

व्याह्यांनी पाट मांडला. डबा उघडेपर्यंतच पाटाचे पाय दिसेनासे झाले. त्या दिवशी त्यांनी भाकरी तशीच परत आणली.

अहवाल ते मराठीत सांगत होते आणि मी हिंदीत उतरवत होते. इथे इमारत झाली तर पाण्याची वाट बंद होईल, तलाव आटेल. परवानगी देऊ नये. एवढं झाल्यावर म्हणाले, "पुढे लिहा. इथे मंदिर नको, धर्मशाळा नको, मॅरेज गार्डन नको, आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाचं सभागृहही नको."

"मंडळाचं कशाला मध्ये?" मी विचारलं. मंडळाचा त्या पट्ट्यावर कधीचा डोळा होता.

"पाणी आडनाव विचारत नाही, विहीणबाई."

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातली चार पोरं हार घेऊन आली. "दादा, कमाल कर दी! धरम बचा लिया आपने!"

"पानी बचाया है, भिया. पूरा पढ़के आओ."

पोरांनी तिथेच उभ्या उभ्या वाचलं. हार परत गेला. मंडळाच्या अध्यक्षांनी तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

सुनावणीला पास्टरांनी भांडण केलं नाही. अहवाल ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, "ठीक है दादा. पर इतवार को हम जाएँ कहाँ?"

त्याच संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. "विहीणबाई, जागा शोधायच्या आहेत. तुमच्याइतकं नीट कुणाला जमणार?" तेव्हापासून स्कूटी मी चालवते, मागे व्याही, त्यांच्या मांडीवर पाट आणि पाठोपाठ मोटारसायकलवर पास्टर. "आई, लोक बघतात गं," मुलगी म्हणाली. बघू देत. पीथमपूरच्या रस्त्यापासून मांडूच्या रस्त्यापर्यंत आम्ही फिरलो. पाट रुतत नाही तिथे माणसं अडतात.

एक शेत तर अगदी मनाजोगतं होतं. उंचावर, खाली मुरूम. सुपारी कातरून झाली तरी पाट हलला नाही. मालक ओळखीचा. "दादा, आपके लिए तो रजिस्ट्री आज करवा दूँ."

"मेरे लिए नहीं. इनके लिए, चर्च के वास्ते."

मालकाने पास्टरांकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "मुझे इसी गाँव में रहना है, दादा."

परतताना बांधावर व्याही अडखळले. पास्टरांनी त्यांचा हात धरला आणि सावकाश पलीकडे आणलं.

अजून जागा मिळालेली नाही. गोदामाच्या मालकाने थोडी मुदत वाढवून दिली आहे. व्याही दर रविवारी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गोदामाच्या दाराशी जाऊन उभे राहतात. आत जात नाहीत. प्रार्थना संपली की जमीन देणारी ती म्हातारी बाई सगळ्यांत आधी बाहेर येते आणि विचारते, "मिली क्या, दादा?"

स्वतः बसून पाहिल्याशिवाय जमिनीबद्दल ज्याने आयुष्यात अक्षर उच्चारलं नाही, तो माणूस तिला ताबडतोब सांगतो, "मिलेगी, माँजी. मिलेगी."