तोंडानं ओढलेलं सूत

“यंत्राला हात पुरतो, सुताला श्वास लागतो,” असं सुर्रमामा उठताबसता म्हणायचा, आणि मागांच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणायचा. त्याचं पाळण्यातलं नाव कारखान्यात कुणाला आठवत नव्हतं. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन धावणारी, वीतभर लांबीची लाकडी होडीच. तिच्या पोटात सुताची कांडी, कडेला सुईच्या नाकाएवढा डोळा. कांडी संपली की नवी भरायची, डोळ्याला ओठ लावायचे आणि आतलं सूत श्वासासरशी बाहेर ओढायचं, सुर्र! इतरांना दोन-तीनदा ओढावं लागे. मामाला एकदाच. एकतीस वर्षं तो चार माग चालवत होता आणि त्या एकतीस वर्षांत त्याचा एक खाडा नव्हता.

दुपारी दोनला पाळी बदलायची. मामा बाजूला व्हायचा आणि त्याच चार मागांवर त्याची धाकटी बहीण उभी राहायची. काम त्यानंच तिला शिकवलं होतं. निघताना तिच्यासाठी दर मागाचे दोन, असे आठही धोटे भरून, सूत ओढून ठेवायचे, ही त्याची माया. बोलून दाखवायची माया त्याला कधी जमली नाही.

मग तो नवा आजार आला. आधी दूरच्या शहरात, मग जवळच्या, मग पलीकडच्या गल्लीत. श्वासावाटे पसरतो, म्हणाले. छातीत उतरला की माणूस पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा तडफडतो. कारखान्याच्या फाटकावर ताप बघायला नर्सबाई बसू लागल्या. एकदा त्या आत आल्या, सूत ओढायची रीत बघितली आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, पाळी बदलली की हाच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो की!” चार दिवसांनी त्यांनी तारेचे बारीक आकडे करून आणले आणि प्रत्येकाच्या हाती एकेक ठेवला. सूत यानं ओढा, ओठ लावू नका.

मामानं आकडा उजेडात धरून पाहिला. “बाई, यानं कान कोरायचा का?”

सगळे हसले. मामाला हशाची चटक होती. बहीण आकड्यानं सूत काढताना दिसली तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, “आपल्या घरात आकडा? उद्या घाससुद्धा चिमट्यानं खाशील!” ती गोरीमोरी झाली. आकडा तिनं पिशवीत टाकला, तो टाकलाच.

पुढच्या सोमवारी मामाच्या अंगात कणकण आली. कोरडा खोकला, आणि जिभेला चहा म्हणजे नुसतं कोमट पाणी. काय झालंय ते त्याला कळलं. कळलं नव्हतं, असं त्यानं पुढं स्वतःलाही कधी सांगितलं नाही. पण घरी बसायचं म्हणजे एकतीस वर्षांच्या हजेरीला डाग, आणि आकड्याची केलेली थट्टा आपल्याच अंगावर येणार. फाटकाजवळच्या नळावर त्यानं रुमाल भिजवला, कपाळावर दाबून धरला आणि ते थंड कपाळ नर्सबाईंच्या यंत्रापुढं केलं. तीन दिवस हेच; चौथ्या दिवशी ताप उतरला. तीनही दिवस निघताना आठही धोट्यांना ओठ लावून सूत ओढून ठेवलं.

आठवड्याभरात बहीण आडवी झाली.

इस्पितळात तिच्या बोटाला चिमटा लावला, तर रक्तातल्या प्राणवायूचं माप शंभरातलं ब्याऐंशीवर आलेलं. तिला पालथं झोपवलं, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बांधला. डॉक्टर म्हणाले, “यावर हुकमी औषध अजून नाही. सूज उतरायला सुया देतोय. बाकी तिची छाती किती झुंजते, ते बघायचं.” तिचा नवरा, मामाचा मेव्हणा, याच कारखान्यात विणकर होता; तो भिंतीला टेकून रडला. मामानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

कारखान्यात एकच चर्चा, हे दुखणं आणलं कुणी? सुताच्या गठ्ठ्यांचा ट्रक घेऊन येणारा ड्रायव्हर परगावचा होता. मेव्हणा दातओठ खात म्हणाला, “त्यानंच! बारा गावचं पाणी प्यालेला माणूस.” सगळे मामाकडं बघू लागले. नुसतं गप्प बसला असता तरी भागलं असतं. पण तोंडातून निघून गेलं, “हो, खोकत होता. मी पाहिलं.”

त्या दिवसापासून ड्रायव्हरला फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. चहावाल्यानं चहा नाकारला. माल उतरेपर्यंत तो बिचारा केबिनमध्ये काच लावून बसायचा. त्याला सगळे टाळायचे आणि आत जाऊन धोट्याला ओठ लावायचे. आणखी दोघे विणकर आजारी पडले.

बाराव्या दिवशी खिडकीतून भेट मिळाली. काचेपलीकडं बहीण पालथी, मान एका अंगाला. वॉर्डातल्या नर्सनं तिच्या कानाशी फोन धरला. “कालपासून प्राणवायू जरा कमी लागतोय,” नर्स म्हणाली. “थोडंच बोला.”

“कशी आहेस?”

“पालथ्या घागरीसारखी.” बहिणीनं दम घेतला. “मुखवटा बरा आहे, दादा. तुझ्यापेक्षा बरा. श्वास देतो, वर भाषण करत नाही.”

मामाला हसायचं होतं. पण तोंड उघडलं तेव्हा भलतंच बाहेर आलं. ताप, रुमाल, धोटे, ड्रायव्हर, सगळं. सांगताना तो पायांतल्या चपलांकडं बघत होता. वर बघितलं, तर तिचे डोळे मिटलेले. नर्स फोन काढून घेणार, इतक्यात आवाज आला.

“मला कशाला सांगतोस? मी भोगतेच आहे. तिकडं लोक अजून धोट्याला तोंड लावतायत. जिथं सांगायचं तिथं सांग.” मग मुखवट्यात दोन श्वास ओढून, “आणि माफी मागू नकोस. आत्ता मला तेवढा दम नाही.”

दुसऱ्या दिवशी दोनच्या भोंग्याला दोन्ही पाळ्यांची माणसं फाटकाशी जमली. मामा बाहेर, सगळ्यांपासून लांब उभा होता. मागांवर ओरडायची सवय असलेला माणूस, पण माग बंद असतानाही त्याचं ऐकू येईना.

“मोठ्यानं, मामा!” मागून कुणीतरी म्हणालं.

त्यानं मोठ्यानं सांगितलं.

मेव्हणा दोन पावलं पुढं आला आणि थांबला. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. “दादा,” तो म्हणाला, “मी रडत होतो तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला होतात ना?”

मामानं तो हात पाठीमागं घेतला. नर्सबाई रागावल्या नाहीत. त्यांनी वही काढली. ताप कधी आला, कोणाच्या मागांना हात लावला, जेवायला शेजारी कोण होतं? तो एकेक सांगत गेला आणि प्रत्येक उत्तराला घोळक्यातलं कुणीतरी मागं सरकत गेलं. खिशाखिशांतून, पिशव्यांतून आकडे बाहेर निघाले. कुणी थट्टा केली नाही.

ट्रक रस्त्यापलीकडं उभा होता. मामा तिकडं गेला.

“मी खोटं बोललो. तू खोकत नव्हतास.”

ड्रायव्हरनं वरून बघितलं. “ते मला ठाऊक होतंच की, मामा. मीच होतो ना तो?” मग काच वर घेत म्हणाला, “आता लांब व्हा. घरी माझी म्हातारी आई आहे.”

ताप उतरला असला तरी खबरदारीसाठी चौदा दिवस घराबाहेर पडू नका, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. मामा कारखान्याच्या भिंतीच्या कडेकडेनं निघाला. आत माग सुरू झाले. त्या आवाजात त्याच्या चार मागांचा आवाज नव्हता, हे त्याला भिंतीबाहेरूनही कळलं. फाटकाशी कुणी थांबलं नाही. मेव्हणा पाठ फिरवून इस्पितळाच्या वाटेला लागला. मामा भिंतीच्या वळणाआड जाईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिला तो एकटा ड्रायव्हर, बंद काचेआडून.