सोपानचं तेल, माझी कढई

अन्नखात्याच्या मॅडमनी सोपानच्या कढईत तेल तपासायच्या मशीनची दांडी बुडवली, तवा मी समोर माझ्या गाडीवर उभा राहून मनातल्या मनात नारळ फोडत होतो. तक्रार मीच केलेली. नाव न सांगता.

चाकणच्या एमआयडीसीत, कंपनीच्या गेटासमोर माझी वड्याची गाडी. शाळेचं विचारू नका, मास्तरांनीच हात जोडले होते. हा सोपान बीडकडचा, त्याची बी वड्याचीच गाडी. माझ्या मागनं आला, पण शिफ्ट सुटली की रांग त्याच्याकडं. माझ्याकडं येणार कोण, तर ज्याची बस सुटायला आली तो. एकदा आमची बायको म्हणाली, "त्याचा वडा आणा की खायला." रागानं त्या दिवशी जेवलो न्हाई. वडे मात्र आणले. मी बी चार खाल्ले.

बटाटा त्याचा-माझा एकाच बाजारातला. मग चव कशात? एका संध्याकाळी बघितलं, सोपान कढईतलं उरलेलं तेल डब्यात ओततो आन् टेंपोवाला डबा उचलून नेतो. माझी ट्यूब पेटली. जुन्या विरजणानं दही लागतं, तशी चव त्या तेलात मुरलेली असणार! टेंपोवाल्याला पुढच्या चौकात गाठलं आन् तो डबा विकत मागितला.

"कशाला पायजे, भाऊ?"

"बैलगाडीच्या चाकाला."

आमच्या दारात बैल बघून जमाना झालाय.

ते तेल रोज माझ्या कढईत. तेल काळं, वडे त्याहून काळे. पोरं खोकायला लागली. "बाळूभाऊ, घसा धरतोय राव." रांग अजून तिकडंच. मला वाटलं, सोपान्यानंच तेलात कायतरी मिसळलंय! म्हणून अन्नखात्याला फोन. "काळं तेल वापरतोय, डोळ्यांनी बघितलंय," म्हणालो. बघितलं होतं खरं. माझ्याच कढईत.

मॅडमनी सोपानचा आकडा वाचला. "छान आहे." मग माझ्याकडं वळल्या. "आता तुमचं."

"माझं कशाला, मॅडम? मी गरीब माणूस."

"दांडीला गरीब-श्रीमंत कळत नाही."

दांडी बुडाली आन् लाल दिवा लागला. मॅडमनी सांगितलं, तेल परत परत तापलं की बिघडतं, किती बिघडलं ते हे मशीन सांगतं. पंचवीसच्या वर गेलं की ते तेल पोटात जाता कामा नये. माझा आकडा पार पुढं गेलेला.

"तेल कुठून आणलं?"

मी आभाळाकडं बघितलं. तेवढ्यात सोपान आला आन् गाडीखालचा डबा ओढून म्हणाला, "मॅडम, ह्यो चेंबलेला डबा तर माझाच हाय! ह्या तेलाचं गाडीचं डिझेल होतंय ना?"

"हो. म्हणून तर टेंपो फिरतो."

रांगेतला एक वेल्डर ओरडला, "बाळूभाऊ, वड्याला ॲव्हरेज किती देतंय?"

सगळं गेट हसलं. मी बी हसलो. मॅडम हसल्या न्हाईत. म्हणाल्या, "ही पोरं दिवसभर मशीनवर उभी असतात. भूक लागली की समोर येईल ते खातात. तेल कसलंय, त्यांना कुठून कळणार? म्हणून आम्ही दारोदार दांडी घेऊन फिरतो." ज्याचा घसा धरायचा तो पोरगा तिथंच उभा होता. माझं हसू मावळलं.

तेल त्यांच्यासमोर वेगळं काढून ठेवलं. सगळं सुधारून दाखवेपर्यंत गाडी बंद. टेंपोवाल्याची बी चौकशी लागली. माझी गिऱ्हाइकं गेली कुठं? सोपानकडं. म्हंजे त्याची रांग मीच फोन करून वाढवली. बायको म्हणाली, "आता रिकामेच हाय, तर जाऊन वडे घेऊन या."

आता गाडी परत चालू हाय. ताजं तेल. उरलेलं डब्यात. खोकला गेला. धडा एवढाच, दुसऱ्याच्या कढईत दांडी घालायला लावायच्या आधी आपली कढई बघावी.

परवा मॅडम परत तपासायला आल्या. माझा आकडा बघून "बरा आहे" म्हणाल्या. मी हळूच विचारलं, "मॅडम, एखाद्याच्या वड्याला लईच चव असली, तर त्याच्यावर काय कारवाई?"

कायबी न्हाई म्हणाल्या. आन् सोपानच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.