मी निघून जाईपर्यंत थांबलेलं हसू

काल सकाळी तलावाच्या पाळीवर जे झालं, ते लिहावंसं वाटलं. मी इथे सहसा काही लिहीत नाही... इतरांचं वाचतो फक्त.

तिरोड्याला आमचा रिटायर लोकांचा एक ग्रुप आहे. कोणी शिक्षक होते, कोणी रेल्वेत, मी बँकेत. सकाळी पाळीवर फिरायचं, मग वडाखाली थोडा व्यायाम, ओंकार आणि शेवटी दोन्ही हात वर करून मोठ्याने हसायचं.

पावसाळ्यात माझी पत्नी गेली. त्यानंतर मी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. बीपी वाढलं, डॉक्टर रागावले, तेव्हा दिवाळीनंतर पुन्हा जायला लागलो.

सगळे आपुलकीने वागत. पण ओंकार झाला की आमच्यातले पटले गुरुजी म्हणायचे, "चला, झालं आजचं." हसण्याचा व्यायाम बंद झाला होता. मला बरंच वाटलं... ते मला जमलंही नसतं.

मग लक्षात आलं, "झालं" म्हटल्यावरही कोणी घरी जात नाही. सगळे तिथेच रेंगाळतात, मी कधी निघतो याची वाट पाहत असल्यासारखे. वाटलं, आपलं दुःख या लोकांना जड होतंय. उद्यापासून यायचं नाही, आपल्या अंगणातच फिरायचं, असं ठरवून मी काल निघालो.

रस्त्यापर्यंत आलो आणि मफलर विसरल्याचं आठवलं. परत वळलो. धुकं होतं, त्यामुळे आधी नुसता आवाज आला... हा हा हा, हो हो हो. जवळ गेलो तर वडाखाली सगळे गोल करून, हात वर करून हसत होते.

मला पाहिलं आणि सगळ्यांचे हात खाली आले. कोणी चप्पल शोधायला लागलं, कोणी उगाच खोकलं.

शेवटी कमलताई बोलल्या. त्या पूर्वी नर्स होत्या, स्पष्ट बोलतात. "आता पाह्यलंच तं ऐका भाऊ. तुमच्या घरचं माणूस गेलं, तुमच्यासमोर कसं हसाचं जी? म्हणून तुम्ही गेल्यावर हसतो आम्ही."

गुरुजी म्हणाले, "मी सांगतलं होतं, भाऊले वळणापर्यंत जाऊ द्या. पण या बिसेनले हसाची मोठी घाई!"

"घाई काऊन नाही राहणार?" बिसेन म्हणाले. "घरी एकटा हसलो तं बायको विचारते, डोकं ठिकाणावर आहे का म्हणून!"

बोलून गेले आणि त्यांचा चेहराच उतरला. कमलताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की विचारू नका.

मी म्हटलं, "आमची पण हेच विचारायची."

ती गेल्यापासून तिच्याबद्दल मी कोणाजवळ बोललो ते हे पहिलं वाक्य. आणि मग मलाच हसू आलं... अगदी खरं हसू. हात वर करायचंही सुचलं नाही. डोळे भरून आले, ते सगळ्यांनी पाहिलं, पण कोणी काही विचारलं नाही. गुरुजी फक्त म्हणाले, "चला, पुन्हा एकदा," आणि सगळे हसायला लागले.

माझ्यासाठी ही माणसं रोज थंडीत ताटकळत होती आणि मी समजत होतो की मी त्यांना नकोसा झालोय. त्यांचे आभार मला तोंडावर मानता येणार नाहीत, म्हणून हे लिहिलं.

आज ओंकार झाल्यावर मी निघालो नाही.