बर्फ पडला नाही तेव्हाची गाणी

आमच्या कॉलेजात पर्यटनाचा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा तो शिकवायला भूगोलाचे सर नेमले गेले, कारण नकाशे त्यांच्याकडं होते. पुस्तकात 'हिमक्रीडा पर्यटन' नावाचं एक प्रकरण होतं. आम्ही ते झेरॉक्सवरून शिकलो. त्यात बर्फाचा डोंगर काळपट आला होता आणि त्यावरून घसरणारा माणूस दिसतच नव्हता.

अभ्यास सहलीसाठी मी नळदुर्ग सुचवलं. किल्ला आहे, धबधबा आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. सर म्हणाले, "नळदुर्गला तर आपण लग्नालाही जातो. त्याला अभ्यास म्हणत नाहीत." म्हणून हिमाचलातलं स्कीइंगचं एक रिसॉर्ट ठरलं.

माझे वडील येरमाळ्याजवळच्या वाशीला कचेरीत कारकून. शिक्षणासाठी म्हटलं की आमच्या घरात कशालाच नकार नसतो, त्यामुळं माझं लगेच जमलं. अडलं ते माझ्या मैत्रिणीचं. ती येरमाळ्याची. तिची आई आराधीण, येडेश्वरी देवीची गाणी म्हणणारी, आणि मैत्रिणीला त्याची इतकी लाज की माझ्याशिवाय कॉलेजात कुणाला तिनं हे सांगितलं नव्हतं. तिची आई स्वतः सरांना भेटायला आली.

"सर, बर्फावरनं घसरून पोरगी काय शिकंल वो?"

"घसरायला शिकवायचं न्हाय, मावशी. घसरणाऱ्यांची व्यवस्था कशी ठेवायची, ते शिकवायचंय."

हे तिला पटलं. धपाटी आणि शेंगाची चटणी बांधून तिनं मुलीला धाडलं.

सोलापुरातून रेल्वे, दिल्लीपासून बस. घाटात उलट्या करत आम्ही पोचलो, तर समोर तपकिरी डोंगर. वाळलेलं गवत, त्यात चरणारी दोन घोडी आणि वर तारेवर बंद पडलेला पाळणा. बर्फ कुठंच नव्हता. मॅनेजर हात चोळत म्हणाला, "दो दिन में गिर जाएगी." मृगात आमच्याकडं आभाळाकडं बघून माणसं बोलतात, अगदी तसंच म्हणाला. त्यामुळं आम्हाला विश्वास बसला नाही.

सर खचले नाहीत. भाड्याचे फुगीर कोट आणि लोखंडासारखे जड बूट सहलीच्या रकमेत धरलेले होते, म्हणून ते सगळ्यांनी घातलेच. व्हरांड्यातल्या चटईवर एकेकाला पायाला स्कीच्या लांब पट्ट्या बांधून उभं करण्यात आलं. "गुडघे वाकवा," सर म्हणायचे, "समजा बर्फ आहे." आम्ही समजलो. मागं पांढरी भिंत येईल अशा बेतानं प्रात्यक्षिकाचे फोटो निघाले.

बाकीचे पाहुणे मात्र काही समजायला तयार नव्हते. नवी लग्न झालेली जोडपी होती, लेकरांना घेऊन आलेली कुटुंबं होती. सगळी हॉलमध्ये बसून आधी मॅनेजरशी आणि मग आपापसात भांडायची. शेवटी मॅनेजर सरांकडं आला. "आप लोग टूरिज्म के हैं ना? शाम को कुछ कर दीजिए. गेस्ट पागल हो रहे हैं."

सरांचे डोळे चमकले. "बघा, ही खरी संधी," ते आम्हाला म्हणाले. पाहुणे म्हणून आलेले आम्ही संध्याकाळी करमणूक झालो.

सूत्रसंचालन माझ्याकडं आलं, कारण माझं हिंदी त्यातल्या त्यात कमी वाईट होतं. एका मुलानं प्राण्यांचे आवाज काढले. टाळी फक्त सरांची पडली. पुढं कुणीच उठेना. तेवढ्यात मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, "म्या म्हणू का एक?"

"काय?"

"आईचं."

ती फुगीर कोटातच मधे जाऊन उभी राहिली. पहिली ओळ तिनं अशी उचलली की मी दचकले. वर्गात हजेरी देतानाही ऐकू न येणारी ही मुलगी! संबळ नव्हती, मी भिंतीकडची बादली पालथी घातली. आमच्या घरात देवीची गाणी नाहीत. मी भीमगीतांच्या कोरसमध्ये वाढले. पण मागून सूर कसा धरायचा हे मला येत होतं. मी धरला. मग वर्गातल्या सगळ्यांनी धरला, त्या जड बुटांनी ठेकाही दिला. एक नवरदेव उठून नाचू लागला, त्याच्यामागं त्याची रुसलेली बायको.

दिल्लीच्या एका बाईंनी सरांना विचारलं, "राजस्थान का है ना ये?"

भूगोलाचे सर म्हणाले, "जी, उसके थोड़ा नीचे."

दुसऱ्या दिवशीही फर्माईश आली. आम्ही निघेपर्यंत बर्फाचा एक कण पडला नाही, पण मॅनेजर आम्हाला सोडायला बसपर्यंत आला.

परतीच्या रेल्वेत मैत्रिणीनं घरी फोन लावला. "आई, त्या गाण्याचं दुसरं कडवं कसं हाय गं?" पलीकडून आवाज आला, "कुणाला पायजे?"

"मला."

आईनं फोनवरच गायला सुरुवात केली. मैत्रिणीनं फोन कानापासून जरा लांब धरला, आणि डब्यातली माणसं पत्ते खाली ठेवून ऐकत राहिली. ती रडत होती की हसत होती, मला नीट कळलं नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

सरांच्या अहवालात ही संध्याकाळ 'इतर' या मथळ्याखाली एका ओळीत आली. पण पुढच्या वर्षी आमच्या वर्गातली एकमेव नोकरी त्या ओळीतूनच निघाली. मॅनेजरनं मैत्रिणीला हंगामासाठी बोलावून घेतलं, पाहुण्यांची करमणूक करायला. कॉलेजनं फ्लेक्स लावला, 'हिमक्रीडा क्षेत्रात निवड'. तिची आई येरमाळ्यात सांगत फिरली की पोरगी बर्फाच्या खात्यात लागली. मी सोलापुरात एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात बालाजीच्या बसची तिकिटं काढायला लागले.

जानेवारीत तिचा फोन आला. "पडला गं! काल सकाळपासनं पडायलाय."

"कसा हाय?" मी विचारलं. माझ्यासमोर एक आजोबा खिडकीची सीट मागत उभे होते.

"पाय लई गार पडतेत. आन् गाणं ऐकाया कुत्रं बी येईना. समदी भाईर घसरायलीत."

"मग तू काय करायलीस?"

"बसलेय हीटरपशी. मॅनेजर म्हणला, बर्फ वितळू दे, मग तुझंच हाय समदं."