बालाघाटात नवाबानं भरीत नाकारलं

परभणीहून सकाळी सात वाजता निघायचं ठरलं होतं, म्हणून आम्ही सव्वानऊला निघालो. गाडीत पुढं मी आणि माझा नवरा सुधीर. मागची अख्खी सीट नवाबाची. नवाब म्हणजे आमचा पामेरियन कुत्रा. पांढराशुभ्र, वजन चार किलो. त्यात निम्मे केस आणि निम्मा माज.

या सहलीची तयारी महिनाभर चालली होती. सुधीर कॉलेजच्या विज्ञान प्रयोगशाळेत आहे, त्यामुळं त्याला यादी केल्याशिवाय शिंकही येत नाही. डोंगर पाहिजे, झाडी पाहिजे, तंबूत मुक्काम पाहिजे आणि कुत्रं चाललं पाहिजे, एवढीच त्याची अट होती. त्यानं फोनवर फोन लावले. एक जण म्हणाला, "फॅमिली आणा सर, कुत्रं नको." दुसरा म्हणाला, "कुत्रं चालतं, पण आमचे तीन मोकळे असतात, तुमच्या जबाबदारीवर या." अभयारण्यात कुत्र्यांना मनाई, आणि ती योग्यच आहे म्हणा, बिबट्याला आमचा नवाब दाताला लागला नसता. शेवटी कॉलेजातला एक शिपाई म्हणाला, "सर, कशाला लांब जायलाव? आमच्या राणीसावरगावच्या पुढं डोंगर हाय, झाडी हाय, इचारणारं कुणी न्हाई." झालं, ठरलं.

मग यादी. तंबू, पाण्याचे कॅन, गोचिडाचं औषध, नवाबाचं पाकिटातलं खाणं, नवाबाचा स्वेटर. कुत्र्याला काय चालत नाही याचा वेगळा कागद, त्यात कांदा आणि लसूण लाल शाईनं. वारा कुठून वाहणार, थंडी किती पडणार, सगळं पाहिलं. फक्त पंचांग पाहिलं नाही. सुधीर देवधर्म मानत नाही. आमच्या लग्नात सासूबाईंनी देवापुढं त्याची मान वाकवायचा प्रयत्न केला, तर हा गृहस्थ म्हणाला, "मणका दुखतोय." तेव्हा ती मान जी ताठ झाली ती झालीच.

गंगाखेडला गोदावरीचा पूल ओलांडून चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं गरम भजी पुढं ठेवली आणि तो गाडीच्या खिडकीतून आत डोकावला.

"वैनी, ससा पाळलाय का?"

"कुत्रा आहे."

"आसंल बा," तो म्हणाला, पण त्याच्या तोंडावर विश्वास काही दिसेना. नवाब त्याच्यावर भुंकला तेव्हा कुठं त्याची खात्री पटली.

राणीसावरगाव मागं पडलं आणि जमीन उंचसखल व्हायला लागली. बालाघाटाला डोंगर म्हणताना बाहेरचा माणूस हसेल, पण आम्हा सपाटीवरच्या लोकांना तेवढी चढणही पुरते. सागाची पानं करपून खडखडत होती, सीताफळीची झुडपं उताराला चिकटून होती, मधूनच पळस आणि काळे दगड. हवा अशी स्वच्छ की मला उगाच गाणं म्हणावंसं वाटलं. सुधीर म्हणाला, "नवाब घाबरेल." मी तरीही म्हटलं.

दीडच्या सुमाराला डांबर संपलं, आणि थोडं पुढं गाडीचं चाक चरात बसलं. ढकलता ढकलता माझ्या नव्या बुटांचं वाटोळं झालं, आणि आत नवाबानं भुंकून डोंगर डोक्यावर घेतला. तेवढ्यात वरच्या वस्तीवरून एक म्हातारी पदर खोचून धावतच आली. मला वाटलं मदतीला आली. तिनं चाकाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीला नाक लावलं आणि वस्तीकडं तोंड करून ओरडली, "ज्ञानोबाऽ, आलं रे! कुत्रं आलं!"

तिचं नाव सखूबाई. तिचा मुलगा ज्ञानोबा आला, त्यानं एका धक्क्यात चाक बाहेर काढलं आणि आम्हाला जवळजवळ धरूनच वस्तीवर नेलं. आठ घरं, त्यातल्या सहांना कुलपं. माणसं टोळीबरोबर (ऊसतोडीला जाणारा गट) दिवाळीनंतरच निघून गेलेली. ज्ञानोबाची बायको रुक्मिण बाळंत झाली म्हणून हे दोघं तेवढे मागं राहिले होते. आज तीन वाजता मुकादमाची गाडी त्यांना घ्यायला येणार होती. ती चुकली तर त्यांच्या जागी दुसरा कोयता (नवरा-बायकोची जोडी) भरणार, आणि यांनी हंगामभर घरी बसायचं.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"आज चंपाषष्ठी न्हाई का, बाई!" सखूबाई म्हणाली.

मी सुधीरकडं पाहिलं. तो आभाळाकडं पाहायला लागला.

त्यांच्या घरी खंडोबा. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगे (बाजरीचे निखाऱ्यावर भाजलेले जाड गोळे) यांचा नैवेद्य, आणि तो आधी कुत्र्यानं खायचा. कुत्र्यानं तोंड लावलं म्हणजे देवाला पोचलं. त्याआधी घरात कुणी घास घ्यायचा नाही आणि कुणी उंबरा ओलांडून गावाला जायचं नाही. आणि यंदा वस्तीवरची झाडून सगळी कुत्री टोळीच्या ट्रॅक्टरवर बसून कारखान्याला गेलेली! ज्ञानोबा सकाळी खालच्या गावातून एक कुत्रं धरून आणत होता, ते त्याचं मनगट फोडून पळालं. सखूबाई पहाटेपासून उपाशी होती. रुक्मिण बाळाला मांडीवर घेऊन, गाठोडी बांधून ओसरीवर बसली होती.

"पर हे कुत्रंच हाय ना?" शेजारचे गणपाबाबा काठी टेकत आले आणि नवाबाकडं वाकून बघत म्हणाले. हे ज्ञानोबाचे चुलते. "देवाला फसवून न्हाई जमायचं."

मी म्हटलं, "बाबा, लायसन दाखवू का?"

नवाबाला पाटावर बसवलं. कपाळाला भंडारा लावला, तो त्याला आवडला नाही. समोर पळसाच्या पत्रावळीवर भरीत आणि रोडगा. वासानं माझ्याच पोटात कावळे कोकलायला लागले. नवाबानं हुंगलं, शिंकला आणि तोंड फिरवलं. सखूबाईनं हात जोडले, "खा रे बाळा, खा रे राजा." त्यानं शेपूट देवाकडं केली. एवढा राग आला मला! घरी चप्पल खातो मेला, आणि इथं नखरे.

तेवढ्यात सुधीर किंचाळला, "थांबा! यात कांदा आहे!" आणि त्यानं नवाबाला उचलून छातीशी धरलं. "लसूणही आहे. हे विष आहे त्याला. मी नाही देणार."

खाली रस्त्यावर मुकादमाच्या गाडीचा हॉर्न वाजला. रुक्मिणीनं गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. ते मला बघवेना.

"अहो बाबा, दुसरा काही मार्ग नाही का?" मी गणपाबाबांना विचारलं.

"हाय की. वाघ्या (खंडोबाला वाहिलेला माणूस) कुत्रं होऊन खातो. आमचा वाघ्या बी ऊस तोडायला गेलाय." बाबांनी काठी आपटली. "घरच्यानं, भावकीतल्यानं चालत न्हाई. बाहेरचा पाहिजे. चार पायावर, हात न लावता."

"मी खाते," मी म्हटलं. भूक लागलीच होती.

"बाईमाणूस चालत न्हाई."

म्हणजे कुत्रं व्हायलाही बाई नको! मी भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात सुधीरनं नवाबाला माझ्या हातात दिलं. चष्मा काढून खिशात ठेवला. त्याचे गुडघे दुखतात. तो जमिनीवर बसतसुद्धा नाही. तो एक गुडघा टेकून, मग दुसरा टेकून, कण्हत चार पायांवर आला.

"हसलीस तर बघ," तो मला म्हणाला, आणि त्यानं पत्रावळीत तोंड घातलं.

मी हसले नाही. शप्पथ, मला हसूच आलं नाही. त्यानं भरीत खाल्लं, रोडग्याचा तुकडा दातानं तोडला, नाकाला वांगं लागलं. गणपाबाबा हळूच म्हणाले, "मालक, भुंकावं बी लागतंय."

सुधीर भुंकला. नवाब आधी गांगरला, मग माझ्या हातातून जीव तोडून त्याच्यावर भुंकायला लागला.

"येळकोट येळकोट जय मल्हार!" सखूबाईनं मूठभर भंडारा सुधीरच्या डोक्यावर उधळला. ती रडत होती. मीही रडत होते, कशासाठी ते विचारू नका.

पुढची दहा मिनिटं नुसती पळापळ. ज्ञानोबानं रोडगे फडक्यात बांधून घेतले, रुक्मिणीनं बाळ छातीशी घट्ट बांधलं आणि जाता जाता सुधीरच्या पाया पडली. हा पिवळाधमक माणूस पाय कुठं लपवावेत ते न कळून मागं सरकत राहिला. गाडी वळणाआड जाईपर्यंत सखूबाई हात हलवत होती. मग ती आत आली, तिनं आम्हाला वाढलं आणि दिवसातला पहिला घास घेतला.

तंबू तिच्याच अंगणात लावला. नवाब स्वेटर घालून तिच्या चुलीपाशी झोपला.

दुसऱ्या दिवशी परतताना राणीसावरगावपर्यंत मी जीभ आवरली. पुढं जमेना.

"काय रे, देव मानायला लागलास का?"

"छे. त्यांची गाडी सुटली असती."

एवढंच बोलला आणि गिअर बदलला. बावीस वर्षं या माणसाच्या ताठ मानेला मी शिव्या घातल्यात. आता इतकं प्रेम दाटून आलं की बाहेरच्या कापसाच्या शेतांकडं बघत बसावं लागलं.

घरी पोचून बूट काढतच होते, तर सखूबाईचा फोन आला. निघताना नंबर दिला होता.

"पोचलाव का? रुक्मिण बी पोचली बघा, कोप (पाचटाची झोपडी) बांधायलेत. बाळ बरं हाय." मग म्हणाली, "पुढल्या साली चंपासटीला या बरं का. कुत्रं न्हाई आनलं तरी चालंल. मालकाला तेवढं आना."