चार वेळा दुसरीत बसलेली एनेइदा

एनेइदा मोहिकाने दुसरी चार वेळा केली, पण नापास ती एकदाही झाली नव्हती.

नापास व्हायला आधी वर्ष पुरं व्हावं लागतं, आणि तिचं वर्ष कधी पुरंच होत नसे. बाप उबाल्दो मासेमार. सरोवरात मासा असला की बिऱ्हाड सरोवरातल्याच गार्साल गावात, पाण्यात रोवलेल्या खांबांवरच्या आपल्या घरात. मासा रुसला की बायकोपोरीला होडीत घालून तो निघालाच. कधी केळीच्या मळ्यांवर, कधी बारांकिया शहरात बंदरामागच्या वस्तीत. नव्या गावातले मास्तर विचारायचे, "दाखला?" दाखला नसायचा. "कितवीत होतीस?" "दुसरीत." "मग बस दुसरीत." ती बसायची. चार महिने जातात न जातात तोच उबाल्दो कुठून तरी ऐकून यायचा, "गार्सालला बोई मासळी परत आलीय म्हणे!" की निघाली वरात माघारी.

तेराव्या वर्षी ती पुन्हा गार्सालच्या शाळेत आली, तेव्हा दुसरीच्या बाकाखाली तिचे गुडघे मावत नव्हते. सात वर्षांची पोरं तिच्या आजूबाजूला आणि मधे ही, कोंबडीच्या पिलांत बगळा उभा राहावा तशी.

पण वाचन मात्र तिचं खणखणीत. दुसरीचं पुस्तक उघडलं की ती न अडखळता वाचत सुटायची. आई तुलिया शेजारणींना हाका मारून बोलवायची. त्या आपापल्या होड्या घराच्या फळ्यांना लावून, मासे साफ करता करता ऐकायच्या. "आमच्या घराण्यात अक्षर शिरलं ते हिच्याच रूपाने," तुलिया म्हणायची. तिला स्वतःला सही करण्यापुरतंही येत नव्हतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत गार्सालला एक नवी बाई आली. मारेल्विस तिचं नाव. किनाऱ्यावरच्या गावातली, अंगाने भरलेली, आणि पाण्याला अशी भ्यायची की पहिल्या दिवशी होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत येशूच्या आईचा धावा करत आली. तिला शाळेच्या पायऱ्यांवर चढवायला दोन बाप्ये लागले. वर पोचल्यावर कपडे झटकून ती म्हणाली, "जी मुलं मागं पडलीत त्यांचा वर्ग वेगळा, ती माझी. पहिली ते पाचवी, सगळं एका वर्षात."

मागच्या बाकावर एदेर होता, चौदा वर्षांचा, पागाचं जाळं फेकण्यात गावात पहिला. तो म्हणाला, "बाई, पाच वर्षं एका वर्षात? मग लगे हात माझं लग्न पण उरकून टाका."

"आधी तुझ्या होणाऱ्या बायकोचं नाव फळ्यावर लिहून दाखव," बाई म्हणाल्या. वर्ग खो खो हसला. एदेरला नाव लिहिता आलं नाही, तसा तोही हसला.

मग एकेकाला वाचायला उभं केलं. एनेइदाची पाळी आली. दुसरीचंच पुस्तक. ती सुरू झाली ती थांबेचना. कोंबडी, पिलं, विहिरीवरची बाई, सगळे धडे धडाधड. मारेल्विसबाई तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ ऐकल्यावर त्यांनी पानाच्या मधोमध बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "हा शब्द कुठला?"

एनेइदाने त्या काळ्या खुणांकडे पाहिलं. त्या नुसत्या चिखलातल्या पाखरांच्या पावलांसारख्या दिसत होत्या. बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "छान. बस खाली. पुढचा कोण?" कुणाला काही कळलं नाही.

दुपारी पोरं होड्या सोडून घरी गेली तेव्हा बाईंनी तिला थांबवलं.

"सगळं पुस्तक पाठ आहे तुला?"

एनेइदाने मान खाली घातली. "हो."

"पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत?"

"शेवटची पानं नाही येत," ती म्हणाली. "तिथपर्यंत आम्ही कधी पोचलोच नाही."

मारेल्विसबाई मटकन खुर्चीत बसल्या. एनेइदाला वाटलं, आता रागावणार, आईला सांगणार, गावभर होणार. बाई नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. देवळात नवीन आलेल्या मूर्तीकडे बघावं तशा. मग म्हणाल्या, "अगं पोरी, एवढं अख्खं पुस्तक ज्या डोक्यात मावलं, त्यात आपल्या भाषेची सत्तावीस अक्षरं मावणार नाहीत होय? तुझं निम्मं काम झालंय. आवाज सगळे तुझ्याकडे आहेत. आता कुठला आवाज कुठं बसलाय, तेवढं हुडकायचं."

आणि एनेइदा हुडकायला लागली. पाठ असलेलं वाक्य सावकाश म्हणायचं आणि त्याबरोबर बोट पुढं सरकवायचं. 'कोंबडी' म्हणताना बोटाखाली जे यायचं ती कोंबडी. तोच तुकडा दुसऱ्या पानावर दिसला की ती मनाशी म्हणायची: अरे, हा तर ओळखीचा! काही दिवस सगळं गढूळच होतं. मग एक दिवस भाकरी भाजताना तिची नजर तेलाच्या डब्यावर गेली आणि डबा बोलला. तिने वाचायचा प्रयत्नही केला नव्हता. नजर गेली आणि शब्द आपोआप आत आला. ती घाबरून मागे सरली. शेजारी मिठाची पिशवी होती, तीही बोलली. भिंतीवरचं कॅलेंडर, बापाच्या टोपीवरची जाहिरात, शेजारच्या होडीचं नाव, सगळे एकदम बोलायला लागले. इतकी वर्षं हे सगळे आपल्या आजूबाजूला असे बोलत होते आणि आपल्याला ऐकू येत नव्हतं! भाकरी करपली. तुलिया ओरडली, "लक्ष कुठंय तुझं?" एनेइदाला काय सांगावं ते सुचेना.

मग ती त्या शेवटच्या पानांपर्यंत पोचली. ती तिला कुणी वाचून दाखवली नव्हती, पाठ करवून घेतली नव्हती. धडा पाण्याचा होता. उंच डोंगरावर बर्फ असतो, तो वितळतो, त्याची नदी होते, नदी खालच्या पाण्याला येऊन मिळते. एवढंच. पण खाली चित्राशेजारी तिला गावातून दिसणाऱ्या सिएरा डोंगराचं नाव छापलं होतं. तिने ते तीनदा वाचलं.

घरी प्यायचं पाणी आणायचं काम तिचं आणि बापाचं. सरोवराचं पाणी खारट. पिंपं होडीत घालून नदीच्या तोंडाशी जायचं, गोड पाणी भरायचं आणि परत यायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून ते नदीच्या तोंडाशी आले तेव्हा हवा स्वच्छ होती. पूर्वेला सिएरा दिसत होता, माथ्यावर पांढरं काही तरी. ते पांढरं तिने जन्मापासून पाहिलं होतं. गावातले म्हणत, तिथं ढग झोपतात.

"बाबा, ते ढग नाहीत. बर्फ आहे."

"कोण म्हणतं?"

"पुस्तक म्हणतं. आणि ही नदी त्याचीच. तो वितळतो आणि इथवर येतो."

उबाल्दोने वल्हं थांबवलं. "बर्फ म्हणजे मासेवाल्याच्या पेटीत असतो तो?"

"तोच. पण डोंगराएवढा."

उबाल्दो डोंगराकडे बघत राहिला. मग नदीकडे बघितलं. मग नदीत हात घालून ओंजळभर पाणी प्यायला, अगदी सावकाश, जिभेवर घोळवून. आयुष्यभर तो हेच पाणी पीत आला होता.

"आणि हे तू वाचलंस? बाईंनी सांगितलं नाही?"

"मी वाचलं."

परतीच्या वाटेवर भेटेल त्या होडीला उबाल्दो ओरडून सांगत आला, "ए, वर बघ! आपण बर्फ पितो, माहितीय का?" लोक म्हणाले, उबाल्दोने सकाळीच लावलेली दिसते.

ऑगस्टमध्ये मात्र घात झाला. सरोवराचं पाणी हिरवंकाळं झालं आणि मासे पोट वर करून तरंगायला लागले. घराखाली वास सुटला. तीन-चार कुटुंबांनी गाव सोडलं. एका संध्याकाळी भात आणि तळलेली कच्ची केळी खाता खाता उबाल्दो म्हणाला, "रविवारी निघू. मळ्यावर कापणीला माणसं पाहिजेत."

एनेइदाच्या हातातला घास हातातच राहिला. ती रडली नाही. नुसतं म्हणाली, "बाबा, तिथं मला कितवीत बसवतील?"



बोलली ती तुलिया. ताटं गोळा करता करता, आवाज न चढवता. "चार वेळा तू म्हणालास निघू, आणि मी भांडी बांधली. या वेळी माझी भांडी मांडलेलीच राहतील."

"आणि खाणार काय? पुस्तक?"

"खेकडे आहेत तिवरांत. मला हात आहेत. तू जा मळ्यावर. पोरगी इथंच राहील."

"डोकं फिरलंय तुझं."

"असेल. तरी भांडी मांडलेलीच राहतील."

उबाल्दो एकटा गेला. मायलेकी पहाटे तिवरांच्या मुळ्यांत खेकडे धरायला जाऊ लागल्या, गुडघाभर चिखलात, डासांच्या घोळक्यात. तिथून एनेइदा तशीच शाळेत यायची आणि भागाकाराच्या मधेच तिची मान कलायची. एदेर कोपराने डिवचायचा. बाई म्हणायच्या, "झोपू दे तिला. भागाकार काही पळून जात नाही." ती जागी व्हायची तेव्हा फळ्यावर तिच्यासाठी गणित मांडून ठेवलेलं असायचं.

एकदा खेकड्याने तुलियाच्या अंगठ्याचा लचका तोडला, हात सुजून भोपळा झाला, तापही भरला. एनेइदा आठवडाभर घरीच होती. खेकडे एकटीनेच धरायचे, चूलही तिचीच. तिने मनातल्या मनात शाळेला रामराम ठोकला होता. आणि एक दिवस दुपारी गावात आरडाओरडा, हशा. ती दारात आली तर काय, मारेल्विसबाई! होडीत एकट्या! वल्हं उलटं धरलेलं, होडी एकाच जागी गरगर फिरतेय, बाईंचे डोळे टक्क उघडे, चेहरा पांढराफटक. घराघरांच्या कठड्यांवर माणसं लोटली होती. "बाई, डावीकडे मारा! दुसरी डावी!" एदेर शाळेच्या पायऱ्यांवरून ओरडत होता. कुणी मदतीला होडी घातली तर बाई खेकसत, "लांब राहा! माझी मी जाणार!"

त्या कशा पोचल्या ते त्यांनाच ठाऊक. वर चढताना कमरेपर्यंत भिजल्या. पिशवी मात्र डोक्यावर कोरडी होती. दम टाकत म्हणाल्या, "तुलियाताई, कशा आहात? एनेइदा, बस. अपूर्णांक राहिलेत."

एनेइदा बसली. बाईंच्या कपड्यांतून पाणी टपकत होतं आणि त्या एका भाकरीचे तुकडे करून दोन-तृतीयांश म्हणजे काय ते सांगत होत्या. पाण्याला मरणाची भिणारी ही बाई आपल्यासाठी या पाण्यावरून आली, हे एनेइदाला अपूर्णांकांपेक्षा कितीतरी अवघड वाटत होतं. तुलियाने तापातच हात जोडले. ती पुढं कितीतरी वर्षं म्हणायची, "येशू पाण्यावरून चालला असं पाद्रीबाबा सांगतात. मी एका बाईला येताना पाहिलंय. तेही वल्हं उलटं धरून."

नोव्हेंबरात किनाऱ्यावरचे साहेब परीक्षा घ्यायला आले. एनेइदा पाचवी पास झाली. एदेरही झाला, फळ्यावर त्याने एका मुलीचं नाव लिहिलं आणि सगळ्यांनी वाचून गलका केला.

पुढची शाळा किनाऱ्यावर, होडीने तासाभराच्या वाटेवर. सहावीत ती सगळ्यांत उंच. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "काकू, डबा कुणासाठी आणलाय?" तिला लाज वाटली, पण उठून जावंसं वाटलं नाही. ती म्हणाली, "तुझ्यासाठीच, बाळा. चिखल्या खेकडा आहे, बोट सांभाळून घाल." त्यानंतर ती वर्गाची काकूच झाली, आणि जड गणितं पोरं काकूकडेच आणू लागली. उबाल्दो मळ्यावरून परत आला, पाणी निवळलं, बोई आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. घर मात्र नंतर कधी हललं नाही. विसाव्या वर्षी तिने शाळा संपवली. त्या समारंभाला उबाल्दो उसने बूट घालून गेला आणि तिचं नाव पुकारताच असा उभा राहिला की मागच्यांना काही दिसेना, "बसा की काका!" म्हणून लोक ओरडले तरी खाली बसला नाही.

आता एनेइदा किनाऱ्यावरच्या छोट्या रेडिओ केंद्रात काम करते. सकाळी वारा कुठला, पाणी कसं, बाजारात कुठल्या माशाला मागणी, कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाचं कोण गेलं, हे ती वाचून दाखवते. गार्सालमध्ये त्या वेळी प्रत्येक घरात तोच रेडिओ लागलेला असतो. तुलिया कठड्यावर मासे साफ करत ऐकते, आणि लेक कुणाच्या मयताची बातमी सांगायला लागली की सुरी खाली ठेवते.

उबाल्दो त्याच सुमाराला होडी काढतो. दोन्ही बाजूंना घरं, मधून पाण्याची गल्ली, आणि तो सावकाश वल्हं मारत चाललेला. लेकीचं एक वाक्य या घराच्या खिडकीत सुरू होतं, पुढच्या घराच्या खिडकीत चालू राहतं, तिसऱ्या घराच्या दारात संपतं. मधला एक शब्दही पाण्यात पडत नाही. शेवटचं घर मागं पडेपर्यंत तो टोपी काढून मांडीवर ठेवतो. मग ती पुन्हा डोक्यावर घालतो आणि जाळ्याकडे वळतो.